मायकेल फॅरडे : लोहाराचा मुलगा आणि मंडळीचा वडील



गेल्या पावसाळ्यात एका दूरच्या खेड्यातील मंडळीस भेट देण्यास गेलो असता, उपासना संपल्यावर एक वृद्ध बंधू मला बाजूस घेऊन गेले. त्यांचा नातू तालुक्याच्या गावी विज्ञान शिकत आहे. सुटीत घरी आल्यावर तो पृथ्वीच्या वयाविषयी व माणसाच्या उत्पत्तीविषयी काही प्रश्न विचारू लागला, तेव्हा आजोबा घाबरले. विज्ञान शिकलेला मुलगा मंडळीत टिकत नाही, असे कोणी त्यांच्या मनात भरविले होते. मुलाला त्या शिक्षणातून काढावे काय, हा त्यांचा प्रश्न होता. काढू नका, एवढेच मी त्यांस त्या वेळी सांगितले. परंतु त्या उत्तराने माझे स्वतःचेच समाधान झाले नाही. घरी परतल्यावर पूर्वी वाचलेले एक चरित्र मी पुन्हा हाती घेतले. तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

मायकेल फॅरडे ह्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथे झाला. बाप जेम्स हा लोहार होता. कामाच्या शोधात तो उत्तरेकडील डोंगराळ मुलखातून राजधानीकडे आला होता. पण प्रकृती खालावल्यामुळे त्याच्या हातून भात्यापुढे पुरा दिवस काम होईना. १८०१ साली धान्य अत्यंत महाग झाले, तेव्हा लहानग्या मायकेलच्या वाट्यास आठवड्यास पावाची एकच लादी येई व ती त्याला सात दिवस पुरवावी लागे. आपल्या मंडळ्यांतील किती घरांना हे वर्णन परके वाटेल?

हे कुटुंब एका अगदी लहान मंडळीचे सभासद होते. जॉन ग्लास नावाच्या पाळकाने १७३० च्या सुमारास स्कॉटलंडात राजमान्य चर्चपासून वेगळे होऊन ही मंडळी उभारली आणि पुढे त्यांचे जावई रॉबर्ट सँडेमन ह्यांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. ह्या लोकांत पगारी पाळक नसे. मंडळी आपल्यांतूनच वडील निवडी आणि ते पोटापाण्याचा धंदा करून विनावेतन सेवा करीत. शब्बाथाच्या दिवशी सकाळच्या व दुपारच्या उपासनेच्या मध्ये सर्वजण, गरीब व श्रीमंत, एकत्र बसून प्रीतिभोजन करीत. धन साठवून ठेवणे हे ते शास्त्राविरुद्ध समजत. मंडळीतील कोणताही निर्णय एकमतानेच होई. बहुमताने निकाल लावणे त्यांना मान्य नसे. शास्त्रवचनाचा अर्थ साधा व सरळ घ्यावा, त्यावर मानवी कल्पनांचे मजले चढवू नयेत, हा त्यांचा कटाक्ष होता. ह्या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण पुढे प्रयोगशाळेतही हीच सवय आपल्या दृष्टीस पडणार आहे.

वयाच्या तेराव्या वर्षी, १८०४ साली, मायकेल हा रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्याचे काम करू लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असल्यामुळे एकच अंक तासातासाच्या बोलीने अनेक घरी फिरे. मुलाने तो पोहोचवावा, थांबावे, पुन्हा मागून आणावा आणि दुसऱ्या घरी न्यावा. रविवारी हा फेरा लवकर आटोपून आईबापांबरोबर उपासनेस हजर राहण्यासाठी त्याची धावपळ चाले. वर्षभराने रीबोने त्याला फी न घेता सात वर्षांच्या कराराने पुस्तकबांधणीच्या कामास ठेवले. बांधावयास आलेली पुस्तके तो रात्री वाचू लागला. एका ज्ञानकोशातील विजेवरील लेख आणि जेन मार्सेट नावाच्या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक, ही दोन त्याच्या मनात खोल रुतली. परंतु वाचले म्हणून खरे, असे त्याने मानले नाही. चार पैशांची सामग्री जमवून पुस्तकातील प्रयोग तो स्वतः करून पाही.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गृहस्थाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेत होणाऱ्या सर हंफ्री डेव्ही ह्यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे आकृत्यांसह स्वच्छ लिहून काढली, स्वतःच्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि डेव्हींकडे पाठविले. आपला धंदा सोडू नकोस, असाच सल्ला प्रथम मिळाला. पण थोड्याच दिवसांत तेथील मदतनीस मारामारीच्या कारणावरून काढला गेला आणि मार्च १८१३ मध्ये ती जागा मायकेलला मिळाली. पगार आठवड्यास पंचवीस शिलिंग, शिवाय माडीवरच्या दोन खोल्या, कोळसा व मेणबत्त्या. ह्याच इमारतीत त्यांनी पुढील पंचेचाळीसहून अधिक वर्षे काढिली.

१२ जून १८२१ रोजी फॅरडे ह्यांचा विवाह मंडळीतीलच एका वडिलांची कन्या सारा बर्नार्ड हिच्याशी झाला. ह्यानंतर महिनाभराने त्यांनी मंडळीसमोर उभे राहून आपल्या विश्वासाची जाहीर कबुली दिली. त्या घरात जन्मले म्हणून ते आपोआप सभासद झाले नव्हते. तीस वर्षांचे होईपर्यंत ते थांबले होते. विशेष असे की, आपण हे पाऊल टाकणार हे त्यांनी पत्नीसही आधी सांगितले नाही. तिने कारण विचारले तेव्हा, ही बाब आपल्यामध्ये व देवामध्ये आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विजेच्या योगाने तार चुंबकाभोवती सतत फिरत ठेवण्याचा प्रयोग त्यांनी साधला. आज आपल्या विहिरीवर जो मोटारपंप चालतो, त्याचा मूळ पुरुष हाच प्रयोग होय.

आता त्या कड्याची गोष्ट सांगितली पाहिजे. विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होते हे १८२० पासून विद्वानांस ठाऊक होते. मग चुंबकापासून वीज का उत्पन्न होऊ नये, असे फॅरडे ह्यांच्या मनाने घेतले. त्यांनी नरम लोखंडाचे सहा इंच व्यासाचे एक कडे करविले. लोहाराच्या मुलाला असे कडे घडविणे म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको होते. कड्याच्या एका बाजूस तांब्याची तार गुंडाळली, दुसऱ्या बाजूस दुसरी तार गुंडाळली, आणि दोहोंचा एकमेकींस व कड्यास स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये सुती कापड व दोरा भरला. एक तार विजेच्या घटमालेस जोडावयाची होती. दुसरीजवळ होकायंत्रासारखी चुंबकसुई ठेविली होती. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी पहिली तार जोडली मात्र, दुसऱ्या तारेजवळची सुई हालली. पण लगेच ती पूर्वस्थितीस आली आणि वीज वाहत असूनही स्वस्थ राहिली. जोड तोडल्यावर ती पुन्हा हालली, ह्या वेळी उलट दिशेस. दुसरा कोणी असता तर धक्का लागला असेल म्हणून ती हालचाल सोडून देता. फॅरडे ह्यांनी ती जशी दिसली तशी लिहून ठेविली व तिचा पिच्छा पुरविला. वीज नुसती असून भागत नाही, काही बदलले पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आले. १७ ऑक्टोबर रोजी त्यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात लोहचुंबकाची कांब झटकन घातली व बाहेर काढिली. सुई दोन्ही वेळा हालली. त्याच महिन्याच्या अखेरीस एका प्रचंड चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्यांनी अखंड विद्युत्प्रवाह मिळविला. धरणाच्या पाण्याने चक्र फिरते व वीज निर्माण होते ती ह्याच नियमाने. आपल्या उपासनामंदिरात आज जो दिवा लागतो, त्याची वीज धरणावरून किंवा कोळशाच्या कारखान्यातून आली असेल तर ती अशाच फिरत्या यंत्रातून निघालेली असते.

ह्यात धर्माचा संबंध कोठे आला, असे कोणी विचारील. फॅरडे ह्यांनी आपल्या शोधनिबंधांतून धर्म शिकविला नाही. विजेच्या ठिणगीवरून देव सिद्ध करून दाखविण्याचा खटाटोप त्यांना आवडत नसे. तथापि सर्व सृष्टी एकाच कर्त्याची आहे, म्हणून तिच्यातील निरनिराळ्या शक्ती मुळात एकमेकींशी जोडलेल्या असल्या पाहिजेत, ही खात्री त्यांच्या अंतःकरणात होती आणि ती त्यांना नवीन दिशेने शोध करावयास लावी. घर्षणाची वीज, घटमालेची वीज, चुंबकापासूनची वीज आणि काही माशांच्या अंगातील वीज ह्या सर्व एकाच जातीच्या आहेत, हे त्यांनी १८३३ मध्ये प्रयोगांती दाखविले. १८४५ साली प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हेही दाखविले.

मग त्यांना वाटले, ज्या शक्तीने दगड जमिनीवर पडतो त्या गुरुत्वाकर्षणाचाही विजेशी संबंध असलाच पाहिजे. १८४९ साली व्याख्यानगृहाच्या उंच छतापासून त्यांनी तारेची वेटोळी व वजने खाली सोडून पाहिली. वीज सापडली नाही. दहा वर्षांनी, प्रकृती थकलेली असता, टेम्स नदीकाठच्या एका उंच मनोऱ्यात शिशाची जड वजने वरखाली करून त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा काही नाही. पहिल्या वेळचे अपयश त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. संबंध असावा असे आपले मन अजून म्हणते, पण पुरावा मिळाला नाही, असा त्याचा अर्थ होता. बंधूंनो, मला ह्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. कड्याचा शोधही तिच्या मागून येतो. विश्वासाने त्यांना शोधावयास पाठविले; पण काय सापडले पाहिजे हे आधीच ठरवू दिले नाही. देवाने सृष्टी जशी केली तशी ती आहे. ती आपल्या आवडीप्रमाणे असल्याचे सांगणे म्हणजे खोटी साक्ष देणे होय, अशा वृत्तीने ते चालले. त्या वृद्ध बंधूंच्या नातवास भेटून मला जे सांगावयाचे आहे ते हेच.

१८४० साली मंडळीने फॅरडे ह्यांस वडील निवडले. युरोपभर ज्यांची कीर्ती झाली होती असे हे गृहस्थ आठवड्याच्या मध्ये एक संध्याकाळ आणि रविवारचा संपूर्ण दिवस मंडळीस देत. आजाऱ्यांच्या व गरिबांच्या घरी जात. त्यांच्या उपदेशाविषयी एक चमत्कारिक गोष्ट सांगतात. व्याख्यानगृहात त्यांची वाणी ओघवती असे. मंडळीत मात्र ते एकामागून एक शास्त्रवचने वाचीत, मध्ये स्वतःचे शब्द थोडे घालीत, आणि विजेचे नावही काढीत नसत. त्यांचे भाषण ऐकण्याच्या आशेने उपासनेस आलेले पाहुणे कधी कधी निराश होऊन परतत. आम्हां उपदेशकांची गोष्ट उलट असते. वर्तमानपत्रात एखादा नवा शोध वाचला की पुढच्या रविवारी तो उपदेशात आलाच म्हणून समजावे.

ह्यानंतरचा प्रसंग दुःखाचा आहे, पण तो गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ३१ मार्च १८४४ रोजी मंडळीने फॅरडे ह्यांस सभासदत्वावरून काढून टाकिले. राणी व्हिक्टोरिया हिने एका रविवारी भोजनास बोलाविल्यामुळे ते उपासनेस गैरहजर राहिले व त्याबद्दल त्यांनी पश्चात्ताप दाखविला नाही, अशी कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. मागाहून जुनी कागदपत्रे तपासणाऱ्या अभ्यासकांस तिला आधार मिळाला नाही. त्याच दिवसांत आणखी बऱ्याच सभासदांना काढण्यात आले होते. त्यावरून मंडळीच्या शिस्तीविषयी काही मोठा वाद माजला असावा, असे ते म्हणतात. कारण काहीही असो, ज्या लोकांत ते जन्मले, ज्यांच्याबरोबर जेवले, त्यांनीच त्यांस बाहेर केले. गावकीच्या बहिष्काराचा चटका ज्यांच्या आजोबापणजोबांना बसला त्या आपल्या वाचकांस ह्या शब्दाचा अर्थ समजावून द्यावयास नको.

अशा वेळी त्यांनी काय करावयाचे? जगातील कोणत्याही विद्वत्सभेचे दार त्यांना उघडे होते. मंडळी तर मूठभर सामान्य लोकांची. तिच्याकडे पाठ फिरविली असती तर कोणी त्यांस दोष न देता. ते मनाने अगदी खचले. पण विद्वत्तेचा आसरा घेऊन मंडळीस तुच्छ लेखणे त्यांना सुचलेही नाही. सुमारे पाच आठवड्यांनी मंडळीने त्यांस परत घेतले. वडिलाचे पद मात्र लागलीच मिळाले नाही. सोळा वर्षे ते साधे सभासद म्हणून मागच्या बाकांवरच्या लोकांबरोबर राहिले आणि १८६० मध्ये पुन्हा वडील निवडले गेले. त्या मंडळीची शिस्त फार कठोर होती असे मला वाटते. एकमताचा आग्रह धरल्याने मतभेद असणाऱ्यास बाहेर जाण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि ती रीत आपण उचलावी असे मी म्हणणार नाही.

१८५३ साली इंग्लंडात मेज फिरविण्याचे वेड पसरले. चारपाच माणसांनी मेजावर हात ठेवून स्वस्थ बसावे, म्हणजे थोड्या वेळाने मेज आपोआप सरकू वा फिरू लागे. मृतांचे आत्मे ते हालवितात असे कोणी म्हणत, कोणी विजेचे नाव घेत. काही धर्मोपदेशकांनी तर ते सैतानाचे कृत्य असल्याची पुस्तके छापली. आपल्याकडे भगताच्या हातातील सूप फिरते, त्याच जातीचा हा प्रकार. फॅरडे चिडले नाहीत; मेजावर बसणारी प्रामाणिक माणसे निवडून त्यांनी परीक्षा केली. जाड कागदाच्या काही चकत्या एकीवर एक ठेवून मध्ये मऊ मेणासारखे द्रव्य लाविले, म्हणजे जोर पडेल तिकडे त्या किंचित सरकाव्यात. ही चवड मेजावर ठेवून लोकांनी तिच्यावर हात ठेविले. मेजच हातांना ओढीत असेल तर खालच्या चकत्या पुढे गेल्या पाहिजेत; हातच मेजाला ढकलीत असतील तर वरच्या. पाहतात तो वरच्या चकत्या पुढे सरकलेल्या! नंतर त्यांनी हाताचा अल्पसा दाब दाखविणारा एक काटा बसविला. तो काटा बसणारांस दिसू लागताच मेज फिरावयाचे थांबले. ही माणसे लबाड नव्हती. आपले हात ढकलीत आहेत हे त्यांचे त्यांनाच कळत नव्हते. हा निकाल वर्तमानपत्रात आल्यावर फॅरडे ह्यांच्याकडे रागाची पत्रे येऊ लागली. लोकांस आपले भूत सोडवत नाही, हे तेथेही खरे ठरले.

पुढील वर्षी, १८५४ मध्ये, राणीचे पती प्रिन्स ॲल्बर्ट ह्यांच्यासमोर त्यांनी मनाच्या शिक्षणावर व्याख्यान दिले. माणूस स्वतःस किती सहज फसवितो, जे हवेसे वाटते त्याला पुरावा किती लवकर सापडतो, हा त्याचा विषय होता. आपली पहिली शिकवण नम्रतेची असली पाहिजे असे त्यांचे मत होते. मनुष्याचे अंतःकरण कपटी आहे हे ज्यांनी मंडळीत लहानपणापासून ऐकिले, त्यांना प्रयोगशाळेत आपल्याच डोळ्यांवर दोनदा पहारा ठेवणे कठीण गेले नसावे. परंतु त्याच व्याख्यानात त्यांनी आरंभीच सांगितले की, पुढील जीवनाविषयीचे ज्ञान माणसाच्या तर्काने मिळत नाही. ते प्रकट केले जाते व साध्या विश्वासाने स्वीकारावयाचे असते, म्हणून तपासणीच्या ह्या पद्धती आपण त्या क्षेत्रास लावीत नाही. त्यांनी तेथे जणू भिंत घातली.

ह्या भिंतीविषयी माझे मन पूर्णपणे निश्चिंत नाही. १८५९ साली डार्विन ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व मोठे वादळ उठले. फॅरडे त्या वादात उतरले नाहीत. त्या वेळी ते थकले होते हे खरे, तरी आजोबांना घाबरविणाऱ्या नातवाच्या प्रश्नांवर त्यांच्या लेखांत उत्तर सापडत नाही. ते उत्तर आपणांस अन्यत्र शोधावे लागेल, आणि ते शोधताना मुलास गप्प बसविणे हा मार्ग नव्हे.

त्यांना स्वतःचे मूल नव्हते, पण मुलांवर त्यांची फार प्रीती होती. नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची त्या संस्थेची प्रथा होती. फॅरडे ह्यांनी अशा एकोणीस माला गुंफिल्या. १८६० च्या नाताळात सुरू झालेल्या शेवटच्या मालेचा विषय होता साधी मेणबत्ती. मेण वितळून वातीतून वर कसे चढते, त्याची वाफ होऊन ती कशी जळते, ज्योतीवर बर्फाने भरलेले भांडे धरले तर त्याच्या बुडाशी पाण्याचे थेंब कसे जमतात, आणि ज्योतीतून निघणारा वायू व आपल्या श्वासातून निघणारा वायू एकच कसा, हे त्यांनी पोरांस दाखविले. आगीतून पाणी! आपल्या शाळांतील शिक्षकांनी व उपदेशकांनी एका थंड वाटीने व मेणबत्तीने हे आजही करून पाहावे. ती व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली व अद्याप वाचली जातात.

पैशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारखानदारांची व सरकारची तपासणीची कामे करून त्यांना १८३० च्या सुमारास वर्षास हजार पौंडांच्या घरात मिळकत होत होती. शोधाच्या कामास वेळ उरत नाही असे पाहून त्यांनी तो धंदा जवळजवळ सोडून दिला. संस्थेचे वेतन तर कित्येक वर्षे वर्षास शंभर पौंडच होते. जे मिळे त्यातून गरिबांस देत. धन साठविले नाही. सरदारकीची पदवी त्यांनी नाकारिली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले असता तेही घेतले नाही. दीपगृहांची तपासणी मात्र, वय झाले तरी, थंडीवाऱ्यात समुद्रकाठी जाऊन करीत राहिले, कारण त्यावर खलाशांचे प्राण अवलंबून असत.

१८४० च्या सुमारास एका आजारानंतर त्यांची स्मरणशक्ती कमजोर झाली होती. म्हातारपणी ती फारच खालावली. आपण काय केले हे आपणच विसरतो, हे त्यांना कळत असे आणि ते हसतमुखाने मान्य करीत. १८५८ मध्ये राणीने हॅम्प्टन कोर्ट येथे राहावयास घर दिले. १८६४ साली त्यांनी मंडळीच्या वडिलाचे काम शक्ती नाही म्हणून खाली ठेविले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याच घरी, आपल्या खुर्चीत बसले असता, त्यांचा अंत झाला. राजेमहाराजे व मोठे विद्वान ज्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलेले आहेत तेथे त्यांचा देह नेला नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे हायगेट येथील दफनभूमीत, राजमान्य चर्चबाहेरील लोकांसाठी राखून ठेवलेल्या भागात, थोड्या आप्तांच्या समक्ष त्यांस पुरण्यात आले; १८७९ मध्ये साराबाईंनाही तेथेच ठेविले. त्यांच्यासाठी दगडावर कोरले ते एवढेच : नाव, जन्माचा दिवस व मृत्यूचा दिवस.